दारावरचा निरोप

घरीं कोणी नसतांना आपल्या दाराशीं कोण येऊन गेलें, आणि काय सांगण्यासाठीं आलें होतें, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला केव्हां ना केव्हां पडतोच. आज ज्या लहानशा यंत्राविषयीं मी बोलणार आहें, तें या प्रश्नापुरतेंच आहे. येणाऱ्यानें दारावरील बटण दाबून बोलावें, त्याचे शब्द पेटींत राहावे, आणि घरधन्यानें परत आल्यावर ते त्याच्याच आवाजांत ऐकावे, एवढेंच त्याचें काम. मी पेशानें शाळामास्तर. शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां यंत्राची फोड मला जशी उमगली तशीच आपणांपुढें मांडतों. जाणत्यांना ती बाळबोध वाटल्यास त्यांनीं क्षमा करावी.

पुण्यांत आमच्या जुन्या बिऱ्हाडाच्या दारावर एक दगडी पाटी टांगलेली असे व तिला सुतळीनें पेन्सिल बांधलेली असे. येणाऱ्यानें नांव व काम लिहून जावें, असा संकेत होता. मास्तराच्या घराला ही सोय शोभून दिसे, आणि मला तिचा थोडासा अभिमानहि होता. १९९८ च्या जून महिन्यांत एके दिवशीं आम्ही उभयतां आळंदीस गेलों होतों. आमच्याकडे धुणींभांडीं करणाऱ्या बाई आपल्या मिळकतींतले चार पैसे नवऱ्याच्या नकळत माझ्या पत्नीजवळ ठेवीत असत. त्या दुपारीं मुलीच्या बाळंतपणाचा निरोप आला, म्हणून त्या आपले पैसे मागण्यासाठीं आल्या. दाराला कुलूप. रात्रीच्या गाडीनें त्यांना निघावयाचें होतें. बाईंना अक्षरओळख नव्हती. आणि लपविलेल्या पैशांची गोष्ट शेजाऱ्यांपाशीं बोलावयाची कशी? आम्ही सायंकाळीं सहा वाजतां परतलों, तेव्हां पाटी कोरी होती. पैसे कपाटांतच राहिले, आणि बाईंनीं गल्लींतल्या एका सावकाराकडून जबर व्याजानें रक्कम उचलली. ती फेडावयास त्यांना दीड वर्ष लागलें. "पेन्सिल हातांत धरली व्हती मास्तर, मग ठिवली," एवढेंच त्या परत आल्यावर म्हणाल्या. तोंवर माझ्या पाटीनें किती जणांना असें परत पाठविलें असेल, याचा विचार मीं कधीं केला नव्हता.

आतां यंत्राकडे वळूं. उच्चारलेला शब्द साठवून ठेवण्याची किमया एडिसननें १८७७ सालीं प्रथम साधली. फिरत्या नळकांड्यावर कथलाचा पातळ वर्ख गुंडाळून त्यावर सुईनें खांचा उमटवावयाच्या, अशी ती रीत होती. परंतु वर्ख एकदां खांचला कीं खांचला. दाराशीं रोज येणारे निरोप पुसावे आणि पुन्हां लिहावे, ही पाटीची सोय त्यांत नव्हती. ती सोय डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सेननें आणली. हा तरुण कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत नोकरीस होता. टेलिफोन वाजतो आणि उचलावयास माणूस नसतो, ही अडचण तो रोज पाहत असला पाहिजे. १८९८ सालीं त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. पोलादी तार नळकांड्यावर गुंडाळून तिच्यावरून एक लहानसा विद्युत्चुंबक सरकत ठेवावयाचा. बोलणाराच्या आवाजाप्रमाणें वीज कमीजास्त होते, वीज कमीजास्त होईल तसें चुंबकत्व कमीजास्त होतें, आणि तारेवर ठिकठिकाणीं त्याचा ठसा उमटतो. तोच चुंबक पुन्हां त्या तारेवरून फिरविला कीं उलट क्रिया होऊन टेलिफोनच्या कर्ण्यांत शब्द उमटतात. आणि नको असलेला निरोप चुंबकानेंच पुसून टाकतां येतो! पाण्याचें बोट फिरवून पाटी पुसावी, तसाच हा प्रकार. ऑस्ट्रियाचे बादशहा फ्रान्ट्स योसेफ या यंत्रापुढें बोलले, आणि तें बोलणें अद्याप जपून ठेवलेलें आहे. पौल्सेनच्या यंत्राचा आवाज मात्र फार क्षीण असे, कर्णा कानाला घट्ट लावूनच ऐकावा लागे. आवाज मोठा करण्याचीं साधनें तेव्हां झालेलीं नव्हतीं. पुढें तारेच्या जागीं फीत आली, फितीच्या जागीं चकती आली. तो सगळा इतिहास सांगत बसलों तर माझी वेळ संपेल.

आजच्या दारावरच्या पेटींत तारहि नाहीं आणि फीतहि नाहीं. साबणाच्या वडीएवढी ती पेटी, तिला बारीक भोकांची जाळी, आणि जाळीमागें कानाच्या पडद्यासारखें कंप पावणारें एक पातळ पापुद्र्याचें साधन. या कंपांची वीज होते आणि त्या विजेची उंची यंत्र एका सेकंदांत आठ हजार वेळां मोजतें. आठ हजारच कां? झोका वर गेला व खालीं आला, हें कळण्यास एका झोक्यांत निदान दोनदां तरी पाहावें लागतें. टेलिफोनांत मानवी आवाजाचे जे कंप घेतात ते सेकंदाला सुमारें चौतीसशेपर्यंतचे. त्याच्या दुपटीहून थोडें अधिक म्हणून आठ हजार. प्रत्येक मोजणीचा एक आंकडा, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या निरोपाचे २,४०,००० आंकडे झाले. ते ज्या टिकलीवर साठतात तिच्यांत विजेचे सूक्ष्म कण निरोधकाच्या भिंतींत कोंडून ठेवलेले असतात, म्हणून वीज गेली तरी निरोप जात नाहीं. ही जात जपानच्या फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं शास्त्रज्ञांपुढें मांडली.

याच हिशेबांत यंत्राची एक खोडहि दडलेली आहे. 'स' आणि 'फ' यांना एकमेकांहून वेगळे दाखविणारे कंप बरेचसे त्या चौतीसशेच्या वर असतात, आणि तेच गाळले जातात. आमच्या एका सुताराचा निरोप मीं तीनदां ऐकला, तरी तो 'सळी' आणावयास सांगतो कीं 'फळी', याचा उलगडा मला झाला नाहीं. म्हणून नांवें व आंकडे दोनदां सांगावे, अशी विनंती पेटीनेंच करावी हें बरें.

दुसरी खोड यंत्राची नसून आपली आहे. आपण दारांत उभें राहून सांगतों, "मी आहें." तीच संवय पेटीपुढें! पहिल्या महिन्यांतील निम्म्या निरोपांत नांवच नव्हतें; "मी येऊन गेलों" एवढेंच. तें 'मी' कोण, हें ओळखण्यांत आमची संध्याकाळ जाई. पण गेल्या दिवाळींत एक निरोप असा आला, "मास्तर, मी हाय. सांच्याला परत येते." त्याला नांव लागलें नाहीं. धुणें-भांडें सोडून बाईंना आतां कितीतरी वर्षें झालीं आहेत. पत्नीनें तो निरोप ऐकतांच चहाचें आधण वाढविलें.

पेटी घ्यावयाची असेल त्यांनीं कांहीं गोष्टी पाहाव्या. निरोप ऐकण्याचें बटण घराच्या आंत असावें, दाराबाहेर असूं नये. एकाचा निरोप दुसऱ्यानें ऐकणें बरें नव्हे, हें आमच्या बाईंच्या गोष्टीवरून ध्यानांत येईल. जाळीचें तोंड खालच्या बाजूस असावें, म्हणजे पावसाचें पाणी शिरत नाहीं. "घरीं कोणी नाहीं" असें पेटीला बोलावयास लावूं नये. तें चोरालाहि ऐकूं येतें. "सध्यां दाराशीं येतां येत नाहीं, आपलें नांव व काम सांगावें," एवढें पुरें.

आणि येणाऱ्यानें बटण दाबल्याशिवाय यंत्रानें एक शब्दहि टिपूं नये. कॅमेरा जोडलेल्या कांहीं नव्या घंटा माणसाची चाहूल लागतांच आपण होऊन टिपूं लागतात. इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टापुढें २०२१ सालीं दोन शेजाऱ्यांचा असाच एक दावा चालला. घराबाहेरचें दूरवरचें संभाषण टिपणें हें गरजेपेक्षां फार अधिक आहे, असा निर्णय न्यायाधीशांनीं दिला. आपल्याकडील २०२३ चा वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा निव्वळ घरगुती कामासाठीं केलेल्या नोंदींना लागू होत नाहीं. कायद्याची सूट असली तरी जिन्यांतून चाललेल्या शेजाऱ्याचें बोलणें आपल्या पेटींत असणें मला स्वतःला आवडत नाहीं. निरोपाचें काम झालें कीं तो मी त्याच दिवशीं पुसतों.

जुनी पाटी मीं पेटीशेजारीं पुन्हां टांगली आहे. ज्यांना वाचा नाहीं, त्यांना पेटीचा उपयोग नाहीं. आमच्या ओळखीचे एक मूकबधिर शिंपी अजून पाटीवरच लिहून जातात. पेन्सिल मात्र दर महिन्याला नवी बांधावी लागते. जिन्यांतलीं मुलें ती नेतात.