लंडनचे वार्तापत्र : सचिवांचा नकार, मंत्र्यांची सही

ब्रिटनमध्ये एखाद्या खर्चाने सरकारी पैशाचे चीज होणार नाही असे खात्याच्या सर्वोच्च सचिवाला वाटले, तर तो मंत्र्यांकडे लेखी आदेश मागतो. आदेश मिळाला की पैसे सोडावेच लागतात. मात्र तो कागद महालेखापरीक्षकांकडे जातो आणि जबाबदारी मंत्र्यांच्या गळ्यात पडते. आपल्याकडे सचिव फाइलवर प्रतिकूल शेरा मारून मोकळे होतात, त्याचेच हे जाहीर रूप.

जून 2015मध्ये कॅबिनेट ऑफिसचे सचिव रिचर्ड हीटन यांनी असा आदेश मागितला. ‘किड्स कंपनी’ या संस्थेला 30 लाख पौंड द्यायला त्यांची तयारी नव्हती. ऑलिव्हर लेटविन आणि मॅथ्यू हँकॉक या मंत्र्यांनी आदेश दिला. जुलैअखेर पैसे पोहोचले आणि 5 ऑगस्टला संस्थेला टाळे लागले!

कॅमिला बॅटमनघेलिज यांनी 1996मध्ये ही संस्था काढली. दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेलला, रेल्वे पुलाच्या कमानींखाली, घरातून तुटलेली मुले येत. रंगीबेरंगी फेटा बांधणाऱ्या कॅमिलाबाई वर्तमानपत्रांच्या लाडक्या होत्या, तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांच्याही. विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद बीबीसीतल्या ॲलन येंटॉब यांच्याकडे होते.

सार्वजनिक तिजोरीतून संस्थेकडे किमान 4 कोटी 60 लाख पौंड गेले. लेखापरीक्षकांनी मागचे कागद चाळले, तेव्हा ठरलेला क्रमच सापडला. अनुदानाची मुदत संपत आली की संस्था मंत्र्यांना पत्र लिही : पैसे थांबले तर कर्मचारी जातील, मुलांचे हाल होतील. तोच सूर वर्तमानपत्रांतही लागे. अधिकारी कुरकुरत आणि मंत्री देत. म्हणजे देखरेख होती, शंकाही लेखी होत्या. फक्त त्यांचे ऐकायचे नाही एवढेच ठरलेले होते. मंत्र्यांपर्यंत हात न पोहोचणाऱ्या छोट्या संस्थांना हा मार्ग कुठला!

पण सगळा दोष संस्थेवर ढकलणेही बरोबर नाही. संस्था बंद पडली ती लैंगिक अत्याचाराच्या आरोपांच्या गदारोळात. पोलिसांना पुरावा मिळाला नाही आणि तपास थांबला. पदाधिकाऱ्यांना संचालकपदासाठी अपात्र ठरवण्याचा दावा उच्च न्यायालयाने 2021मध्ये फेटाळला. आरोप झाले नसते तर संस्था बहुधा तगली असती, असे न्यायाधीशांचे मत पडले. पुढच्या वर्षी धर्मादाय आयोगाचा अहवाल आला. त्यात अप्रामाणिकपणाचा ठपका नव्हता. गैरव्यवस्थापनाचा मात्र होता, कारण कर खात्यासह देणेकऱ्यांचे पैसे संस्था पुन्हा पुन्हा थकवत आली होती.