प्लास्टर निघाल्यानंतर

पाय घसरून पडताना माणूस नकळत हात पुढे टेकतो आणि शरीराचा सारा भार मनगटावर येतो. मनगटाजवळचे हाड मोडण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. डॉक्टर हाड जागेवर बसवितात आणि पाच-सहा आठवडे प्लास्टर घालतात. क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसले, की प्लास्टर कापले जाते. त्या क्षणी रुग्णाला बहुधा धक्काच बसतो. हात बारीक झालेला असतो, त्वचा कोरडी पडलेली असते, मूठ पुरती वळत नाही. भरलेला तांब्या उचलताना हात थरथरतो. भाकरी थापणे किंवा ओले कपडे पिळणे तर दूरच. पुष्कळ जण अशा वेळी हात जपू लागतात. दुखेल या भीतीने तो छातीशी धरून ठेवतात, सारी कामे दुसऱ्या हाताने उरकतात आणि काही महिन्यांनी ‘पडल्यामुळे हात गेला’ असे सांगू लागतात. प्रत्यक्षात पडल्यामुळे केवळ हाड मोडलेले असते. हात निकामी होण्यात पुढच्या न वापरण्याचाच वाटा फार मोठा असतो.

असे का व्हावे? हाड जुळविण्याचे काम शरीर स्वतः करते. त्यासाठी त्याला स्थैर्य हवे असते आणि ते प्लास्टर मिळवून देते. सांध्याची गरज मात्र नेमकी उलट असते. दोन हाडे जेथे एकत्र येतात, तेथे त्यांच्याभोवती पिशवीसारखे एक आवरण असते. हालचाल थांबली, की हे आवरण आकसते, त्याचे पदर एकमेकांना चिकटू लागतात. स्नायूंना काम उरले नाही, की तेही झपाट्याने रोडावतात. म्हणूनच प्लास्टर घातल्याच्या दिवसापासून मोकळी राहिलेली बोटे, कोपर आणि खांदा हलवीत राहावेत, असे सांगितले जाते. ही सूचना सर्वांत सोपी, आणि सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाणारी.

गमावलेली हालचाल व शक्ती पद्धतशीरपणे परत मिळविण्याच्या शास्त्रास भौतिकोपचार म्हणतात. बोलण्यात फिजिओथेरपी हाच शब्द रूढ आहे. व्यायाम, हातांनी दिलेली हालचाल, शेक, बर्फ, विजेचा सौम्य प्रवाह ही त्याची साधने होत. पैकी यंत्रांविषयी रुग्णांना विशेष आकर्षण असते. तारा लावल्या, दिवा पेटला, की उपचार झाल्याचे समाधान मिळते. यंत्राने वेदना काही काळ कमी होऊ शकते. परंतु ती सवलत व्यायाम करता यावा यासाठी असते. यंत्राखाली हात ठेवून घरी परतणारा आणि घरी काहीच न करणारा रुग्ण अर्ध्या वाटेवरच थांबतो.

वेदनेचे काय करावे, हा खरा अडचणीचा प्रश्न. आकसलेला सांधा ताणला, की थोडे दुखणारच. व्यायामानंतर दुखणे तास-दोन तासांत शमले, तर घाबरण्याचे कारण नसते. दुसऱ्या दिवशी सूज वाढली किंवा ठणका कायम राहिला, तर मात्र व्यायाम प्रमाणाबाहेर झाला असे समजून तो कमी करावा आणि तज्ज्ञास विचारावे. ताज्या मारावर शेक देण्याची घाई करू नये, त्याने सूज वाढू शकते. तेथे कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरावा. मधुमेहामुळे अथवा कुष्ठरोगामुळे ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना शेकाने भाजल्याचेही कळत नाही.

पाठदुखीत एके काळी कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला मिळत असे. आता तो मागे पडला आहे. साधी पाठदुखी असेल, तर झेपेल तितके हिंडत-फिरत राहिल्याने ती लवकर बरी होते. मात्र पाठदुखीबरोबर पायांतील शक्ती जाऊ लागली, मांड्यांच्या आतील भागास बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायामाच्या नादी न लागता तत्काळ रुग्णालय गाठावे.

विश्रांतीवरचा हा अतिविश्वास जुना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय फळ्यांना बांधून किंवा प्लास्टरमध्ये घालून स्थिर ठेवीत. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी याच्या उलट मार्ग धरला. गरम पाण्यातून पिळून काढलेले लोकरी कापड त्या दुखऱ्या स्नायूंवर गुंडाळीत आणि मग अवयव हलवून घेत. डॉक्टरांनी त्यांना पुष्कळ विरोध केला. 1940 मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे त्यांची पद्धत पसरली. रोगाविषयीची त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. उपचार मात्र टिकला. भारतातही या शास्त्राच्या शिक्षणाची सुरुवात पोलिओशी जोडलेली आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले आणि 1955 मध्ये हाजी अली येथे अपंगांच्या उपचारांसाठी व पुनर्वसनासाठी अखिल भारतीय संस्था उभी राहिली. देशातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 2011 मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. लहानपणी पोलिओ झालेली पिढी मात्र अजून आपल्यात आहे.

पक्षाघातात, म्हणजे लकव्यात, इजा मेंदूला झालेली असते, हातापायाला नव्हे. मेंदूचा जो भाग मृत झाला, तो पुन्हा जिवंत होत नाही. परंतु शेजारचे भाग त्याचे काही काम शिकू शकतात. शिकण्याचा मार्ग एकच, तीच कृती शेकडो वेळा करणे. पेला धरणे, सोडणे, पुन्हा धरणे. येथे घरच्यांचा वाटा मोठा असतो. प्रेमापोटी ते सारे काही रुग्णाच्या चांगल्या हाताजवळ ठेवतात, घास भरवितात, आणि दुबळ्या हाताला शिकण्याची संधीच उरत नाही. आणखी एक चूक घरोघरी होते. रुग्णाला उठविताना त्याचा लुळा हात धरून ओढतात. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असल्यामुळे हाडाचे डोके खोबणीतून खाली सरकते आणि मग खांदा इतका दुखू लागतो, की रुग्ण व्यायामच नाकारतो. आधार द्यावयाचा तो काखेत हात घालूनही नव्हे, तर पाठीमागे व कमरेशी द्यावा.

अवयवच गमावला असेल, तर पुनर्वसनाची कसोटी रुग्णाच्या रोजच्या जगण्यातून ठरते. परदेशी पद्धतीचे कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी असत; ते घालून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1960 नंतरच्या दशकात रबराचा वापर करून अनवाणी चालता येईल असा पाय घडविला. परंतु हा पाय बसण्यापूर्वीही काम असते. पाय गुडघ्याखाली कापलेला असेल, तर बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन निजल्यास गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि कृत्रिम पाय नीट बसत नाही. पुढे दोन समांतर दांड्यांमध्ये उभे राहून शरीराचा भार आधी एका बाजूस, मग दुसऱ्या बाजूस टाकण्याचा सराव होतो. मग पहिले पाऊल, मग जिना, मग उंचसखल जमीन. शेतकरी असेल, तर बांधावरून ओझे घेऊन चालून पाहिल्यावरच त्याचा सराव पुरा झाला असे म्हणतात.