विडी, इंजिनचा धूर आणि आपली छाती



निपाणी म्हटलं की तंबाखू. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी इथं झालेला रास्ता रोको जुन्या मंडळींना आठवत असेल. आपल्या भागात कितीतरी घरांची चूल विड्या वळून नाहीतर वखारीत राबून पेटते. म्हणून या विषयावर बोलणं अवघड जातं. तरी बोलायला हवं.

"विडी पानाची, सिगारेटपेक्षा बरी" असं आपल्यात म्हणतात. ते खरं नाही. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त घ्यावे लागतात. विडीनं फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. घरात ओढली तर बायकापोरांच्या छातीतही तोच धूर जातो.

कामाच्या जागीही धोका आहे. डिझेल इंजिनच्या धुरानं फुप्फुसाचा कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2012 साली जाहीर केलं. बंद शेडमध्ये इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवू नका. शेडचे सिमेंटचे पत्रे मशीननं कोरडे कापू नका. त्यात बहुधा अॅस्बेस्टॉस असतं. त्या धुळीत विडीची भर पडली की धोका कित्येक पटींनी वाढतो.

आता तपासणीचं. साधा एक्स-रे लहान गाठ चुकवू शकतो. अमेरिकेत 2011 साली आलेल्या मोठ्या अभ्यासात, कमी किरणांचा सीटी स्कॅन केलेल्या जास्त ओढणाऱ्यांमध्ये एक्स-रेवाल्यांपेक्षा फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्के कमी झाले. आपल्याकडच्या सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते, फुप्फुसाची नाही. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस-वीस वर्षं ओढणाऱ्यांनी स्वतःहून डॉक्टरांना या स्कॅनबद्दल विचारावं.

दोन आठवड्यांवर खोकला, थुंकीत रक्त, वजन उतरणं, धाप लागणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी मोफत होते. टीबीच्या गोळ्या चालू असूनही फरक पडत नसेल तर "टीबीच आहे" म्हणून गप्प बसू नका, पुढची तपासणी मागा. कितीतरी जणांचे महिने तिथंच वाया जातात.

आणि विडी सोडणं कुठल्याही वयात फायद्याचंच. सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा मोफत फोन आहे: 1800 112 356. घरातल्या ओढणाऱ्याला हा नंबर आजच लावून द्या.