लँडस्केपसाठी टेक्निकल कॅमेरा घेताना

पुढे लेन्स, मागे सेन्सर असलेला डिजिटल बॅक आणि मधे त्यांना सरकवणारी धातूची चौकट, एवढाच हा कॅमेरा. कास पठारावर पायाशी फुलं, लांबवर डोंगर. दोन्ही रेखीव हवेत तर लेन्स अंश-दोन अंश पुढे झुकवायची. फोकसचं प्रतल आडवं होऊन फुलांवरून थेट डोंगरापर्यंत पसरतं. तेव्हा आधी हा टिल्ट आहे का ते बघा. प्रत्येक मॉडेलात नसतो. मग लेन्सचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे लेन्स मागे पाडते त्या गोल प्रतिमेचा आकार. ५३ × ४० मिमी सेन्सरचा कर्ण सुमारे ६७ मिमी. वर्तुळ ९० मिमीचं असेल तर लेन्स वर-खाली सरकवायला जागा उरते. किंमत बसूनच ऐकावी! आणि वाऱ्याने फुलं डोलू लागली, तर टिल्टही काही करू शकत नाही.