फोटोतली माणसे कोण?

सोलापूरच्या जुन्या फोटो-पोस्टकार्डावर तलाव, मधोमध सिद्धेश्वराचे देऊळ आणि काठाला भुईकोट किल्ला दिसला की जागा लगेच कळते. तिकिटावर पंचम जॉर्ज असेल तर कार्ड १९११ नंतर टाकलेले. फोटो त्याआधीचाही असू शकतो. पण काठावर उभी माणसे? कार्डावरच्या ओळीत देऊळ असते, किल्ला असतो, माणूस नसतो. आम्हाला सल आहे तो इथे. आमच्या पेट्यांतही गिरणी कामगारांचे, सभांचे असे फोटो पडून आहेत. बाबासाहेब दिसले की खाली ‘महाड’ लिहून मोकळे होऊ नये. फलक वाचावा, मागची इमारत पाहावी. आणि आजी आहे तोवर तिला विचारून नावे मागे पेन्सिलीने लिहावीत. शाई पुढे उमटते.