‘क्लॅश बाय नाइट’ : श्रमिक जीवनातील प्रेमत्रिकोणाचे पुनर्वाचन

प्रेमत्रिकोण म्हटला की सुस्थितीतील आणि सवड हाताशी असलेली माणसे बहुधा डोळ्यांसमोर येतात. फ्रिट्झ लांग या मूळच्या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा ‘क्लॅश बाय नाइट’ (१९५२) हा चित्रपट या समजुतीला छेद देतो. यातील माणसे मच्छीमारांच्या वस्तीतील असून त्यांच्या नात्यांचा विचार त्यांच्या श्रमापासून अलग करता येत नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

चित्रपटाचा आधार क्लिफर्ड ओडेट्स यांचे याच नावाचे नाटक होय. ते १९४१ मध्ये ब्रॉडवेवर आले. नाटकाची पार्श्वभूमी न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडची. पटकथाकार आल्फ्रेड हेज यांनी कथानक कॅलिफोर्नियातील माँटेरे या बंदरात नेले. हा बदल केवळ नेपथ्याचा नव्हे. आरंभीची काही मिनिटे जवळजवळ संवादाविना जातात. खडकांवर आदळणाऱ्या लाटा, सील, समुद्रपक्षी, जाळी ओढणाऱ्या होड्या आणि कारखान्यात डबाबंद होण्यासाठी वाहत जाणारे मासे असा तो क्रम आहे. निकोलस म्युसुराका यांचे छायाचित्रण येथे वृत्तपटाच्या जवळ जाते. सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातील मासा, हा माँटेरेच्या अर्थव्यवस्थेचा कणा होता. मात्र चित्रीकरणाच्या सुमारास तो व्यवसाय उतरणीस लागला होता. कथेत याचा उल्लेख नाही. तरीही मावळत्या उद्योगाचा दस्तऐवज म्हणून ही दृश्ये आज अधिक बोलकी वाटतात.

मे डॉइल (बार्बरा स्टॅनविक) बाहेरच्या जगात हरून माहेरी परतते. जेरी डी’अमाटो (पॉल डग्लस) हा होडीचा मालक, सरळमार्गी आणि काहीसा भाबडा. आपण संसारास योग्य नाही असे ती त्याला बजावते, तरीही आसऱ्यासाठी त्याच्याशी विवाह करते. त्यांना मुलगी होते. पुढे ती जेरीचा मित्र अर्ल फायफर (रॉबर्ट रायन) याच्याकडे ओढली जाते. अर्ल चित्रपटगृहातील ऑपरेटर आहे. जेरीच्या हाती श्रमाचे दृश्य फळ असते. अर्ल मात्र अंधाऱ्या खोलीत बसून इतरांची स्वप्ने पडद्यावर टाकतो आणि स्वतः कशावरही विश्वास ठेवीत नाही. मेला त्याचे आकर्षण वाटते ते त्याच्यात स्वतःचीच कडवट निराशा दिसते म्हणून. तो खलनायक नाही, आणि हेच स्टॅनविक-रायन यांच्या प्रसंगांचे बळ आहे. (मूळ नाटकात रायन यांनीच जो या पात्राची भूमिका केली होती, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.)

खरा वाद शेवटाविषयी आहे. नाटकात जेरी प्रोजेक्टरच्या खोलीत अर्लचा खून करतो. चित्रपटात तो त्याचा गळा आवळतो, परंतु भानावर येऊन थांबतो. मे अखेरीस होडीवर, नवरा आणि तान्हुली यांच्याकडे परतते. विवाहबाह्य संबंध यशस्वी झालेला दाखविण्यास त्या काळच्या हॉलिवूड आचारसंहितेची मनाई होती. त्यामुळे हा शेवट तडजोडीचा आहे, हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. तथापि आरंभी पराभवामुळे परतलेली मे या वेळी पर्याय समोर असताना परतते, हा भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही. खुनाने शोकांतिका पूर्ण झाली असती. येथे उद्या पुन्हा होडी समुद्रात लोटावी लागणार आहे. प्रस्तुत लेखकास दुसरी शक्यता अधिक कठोर वाटते.

पेगी या कारखान्यातील कामगार तरुणीच्या भूमिकेत मॅरिलिन मन्रो आहे. प्रदर्शनापूर्वीच तिच्या एका कॅलेंडरवरील छायाचित्रांचा गाजावाजा झाल्याने या भूमिकेकडे गंभीरपणे पाहिले गेले नाही. वस्तुतः पेगी हेच मेचे पूर्वरूप आहे. मेच्या स्वातंत्र्याचे तिला कौतुक वाटते; जो मात्र चेष्टेच्या आवरणाखाली तिला धाक घालतो आणि निष्ठेची हमी मागतो. ती हमी देते, आणि जेरी-मेचा प्रश्न मिटला असे वाटत असतानाच तो पुढच्या पिढीच्या घरात शिरलेला असतो.