मुका मार आणि पुढचे काही दिवस

समजा, खोपोलीच्या पुढे घाटात वाहतूक अचानक थांबली आणि मागची गाडी तुमच्या गाडीवर आदळली. डिकी चेपली, दोन्ही चालक उतरले, थोडी बोलाचाली झाली, फोटो काढले गेले. ‘कुणाला लागलं नाही ना?’ ‘नाही, थोडा मुका मार आहे.’ एवढं बोलून सगळे आपापल्या वाटेला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना, डोकं ठणकू लागलं किंवा पोटात दुखू लागलं, तर ते अंगावर काढायचं नसतं. अपघाताच्या दिवशी बरं वाटत होतं म्हणून पुढचं दुखणं किरकोळ ठरत नाही.

दुखणं उशिरा का येतं?

याची मुख्य कारणं तीन. अपघाताच्या क्षणी शरीरात ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं उसळतात आणि वेदना काही तास दबून राहते. दुसरं, स्नायू आणि अस्थिबंध ताणले गेले की त्यांना सूज यायला वेळ लागतो. मागून धडक बसल्यावर मान झटक्यात मागे जाते आणि पुढे येते, पण ती आखडते बहुधा दुसऱ्या दिवशी. तिसरं कारण सर्वांत गंभीर, ते म्हणजे आतला संथ रक्तस्राव. डोक्याच्या कवटीत किंवा पोटात रक्त हळूहळू साचत असेल, तर ठरावीक मर्यादेपर्यंत शरीर ते सहन करतं आणि मग प्रकृती झपाट्याने ढासळू शकते.

पहिल्या दिवशी

जोराची धडक बसली असेल, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. साध्या धक्क्यासाठी फॅमिली डॉक्टर पुरेसे असतात. मात्र काही परिस्थितींत थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावं: क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, अपघाताचा काही भाग आठवत नसेल, उलटी झाली असेल, मानेच्या मणक्यावर दाबल्यावर दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, वय पासष्टच्या पुढे असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गर्भारपण असेल. गर्भवतीला स्वतःला काही लागलेलं नसलं तरी वार सुटण्याचा धोका असतो, म्हणून बाळाचे ठोके काही तास तपासत राहतात.

डॉक्टरांना अपघात कसा झाला ते नीट सांगावं. धडक कुठून बसली, तुम्ही कुठल्या सीटवर होता, पट्टा लावला होता का, एअरबॅग उघडली का, डोकं कशावर आपटलं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. पोटावर पट्ट्याचा आडवा वळ उमटला असेल, तर आतड्याला इजा झाल्याची शंका घेऊन तपासावं लागतं. गुडघा डॅशबोर्डवर आपटला असेल, तर आतला अस्थिबंध तुटलेला असू शकतो.

घरी लक्ष कशावर ठेवायचं?

पहिले दोन दिवस माणसाला एकटं ठेवू नये. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, असंबद्ध बोलणं, झोपेतून जागं करायला त्रास, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, झटके, हातापायात कमजोरी, यांपैकी काहीही दिसलं की १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. पोटाचं दुखणं वाढणं, पोट कडक होणं, घाम येऊन चक्कर येणं, दम लागणं, लघवीत रक्त, हीसुद्धा धोक्याची चिन्हं. डाव्या बरगड्यांखाली मार लागला असेल आणि डावा खांदा विनाकारण दुखू लागला, तर ते दुखणं प्लीहेतल्या रक्तस्रावाचं असू शकतं. प्लीहा काही दिवसांनीही फुटू शकते. म्हणून पहिली सोनोग्राफी चांगली आली होती, या भरवशावर थांबू नये.

डोक्याला मार असेल तर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालतं. आखडलेल्या मानेला मालिश करून घेणं किंवा हाडवैद्याकडून झटका देऊन मोकळी करून घेणं, मणक्याला इजा नाही हे ठरेपर्यंत टाळावं. तशी खात्री झाल्यावर मान हळूहळू हलवत राहणं चांगलं. आठवडेच्या आठवडे पट्टा बांधून ठेवल्याने ती अधिकच आखडते.

काही आठवड्यांनंतर

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूचं बारीक हाड मोडलं असेल, तर पहिल्या एक्स-रेमध्ये ते बरेचदा दिसत नाही. तिथे दुखत राहिलं तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात.

घरातल्या आजी-आजोबांकडे मात्र विशेष लक्ष हवं. वयानुसार मेंदू किंचित आक्रसतो, त्याच्या भोवतीच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि हलक्या धक्क्यानेही फाटतात. रक्त थेंबथेंब साचत राहतं आणि लक्षणं दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतात. चाल अडखळते, विसरायला होतं, दिवसा झोप येते, डोकं जड राहतं. घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ खरं तर वेळेत सीटी स्कॅन झालं तर कवटीला छिद्र पाडून ते रक्त काढता येतं आणि पुष्कळ रुग्ण पुन्हा चालते-बोलते होतात. वयाच्या नावाखाली हा आजार अंगावर काढला जाऊ नये.

मनालाही मार बसतो. महिन्यानंतरही अपघाताची स्वप्नं पडत असतील, गाडीत बसायची भीती वाटत असेल, तर त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कागदपत्रं

चार दिवसांनी रुग्णालयात गेलात, तरी ‘अमुक तारखेच्या अपघातात मार लागला’ असं स्पष्ट सांगा आणि केस पेपरवर ते लिहून घ्या. अपघाताची केस म्हणून रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं. या कारणाने उपचार थांबवता येत नाहीत. आधी जीव, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. पोलिसांत तक्रार झाली नसेल तर ती आता करा.

मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला ठरवलेल्या रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार मिळू शकतात. मात्र मुदत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांची आहे आणि त्या अपघाताला पोलिसांची पुष्टी लागते. ‘बघू, थांबतं का’ म्हणत घालवलेला प्रत्येक दिवस यातून वजा होतो. नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांत अर्ज करावा, असं कायदा सांगतो. तिथे समोरची बाजू विचारणारच की, हे दुखणं त्याच अपघाताचं कशावरून? पहिल्या दिवशीचा केस पेपर, नंतरच्या भेटींच्या नोंदी, बिलं आणि स्कॅनच्या फिल्म्स जपून ठेवलेल्या असतील तर या प्रश्नाला उत्तर देता येतं. कधी काय दुखलं, हे तारखेनिशी वहीत लिहून ठेवलं, तर डॉक्टरांनाही त्याची मोठी मदत होते.

पहिल्या तपासणीत ‘काही नाही’ असं निघालं, तर डॉक्टरांना एवढं विचारून निघा: पुन्हा कधी दाखवायचं, आणि काय झालं तर वाट न पाहता यायचं? हे उत्तर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. शुद्ध हरपू लागलेल्या माणसाला स्वतःची लक्षणं कळत नाहीत, ती शेजारच्या माणसानेच ओळखायची असतात.